पल्पिट रॉक : तिकीट नाही, कठडा नाही, घड्याळ मात्र पाहिजे

डोंगर फुकट, पार्किंग महाग, असा इथला मामला आहे. नॉर्वेच्या नैर्ऋत्येला स्टवांगर शहराजवळ लीसेफ्योर्ड नावाची समुद्राची चिंचोळी फांदी ४२ किलोमीटर आत डोंगरात शिरली आहे. तिच्या पाण्यापासून सरळ ६०४ मीटर वर साधारण २५ मीटर लांब आणि तितकाच रुंद असा एक सपाट कातळ सज्जासारखा बाहेर आलाय. तोच पल्पिट रॉक. नॉर्वेजियन लोक त्याला प्रैकेस्टूलेन म्हणतात, म्हणजे चर्चमध्ये धर्मोपदेशक ज्या उंच चौथऱ्यावरून प्रवचन देतो तो. हे नाव फार जुनं नाही. १९०० च्या सुमाराला स्टवांगरच्या पर्यटन संघाला लोकांनी इकडे यावं असं वाटू लागलं, तेव्हा ते दिलं गेलं. गावकऱ्यांचं मूळ नाव ह्यूव्लातोन्ना, म्हणजे रंधा मारलेला दात. ते जास्त चपखल आहे. कडेच्या सरळ रेषा पाहिल्या की सुताराने नुकताच रंधा फिरवून ठेवलाय असंच वाटतं.

निकाल आधीच सांगून टाकायचा तर जरूर जावं. स्टवांगरमध्ये एकच दिवस हातात असेल तर तो इथेच घालवावा. पण 'जाऊन-येऊन आठ किलोमीटर' एवढंच वाचून निघू नये. चढ अवघड नाही, सह्याद्रीत दोन-चार गड केलेल्या माणसाला तर नाहीच. पंचाईत होते ती वेळेचं आणि हवामानाचं गणित चुकल्याने. वर पोचावं तर पुढ्यात पांढरा ढग, किंवा एका कोपऱ्यावर फोटोसाठी पन्नास माणसांची रांग, किंवा परतीची शेवटची बस पंधरा मिनिटांपूर्वी गेलेली. तिन्ही गोष्टी टाळता येतात.

आधी तिथे पोचण्याचं. स्टवांगर ते डोंगराचा पायथा साधारण चाळीस किलोमीटर, गाडीने पाऊण तास. इंटरनेटवर अजूनही 'स्टवांगरहून टाऊची फेरी पकडा', म्हणजे पाण्यापलीकडच्या टाऊ गावाला गाड्या-माणसं नेणारी बोट पकडा, असं लिहिलेलं सापडतं, ते सोडून द्या. ३० डिसेंबर २०१९ ला रीफ्यूल्के बोगदा सुरू झाला आणि ती फेरी इतिहासजमा झाली. हा बोगदा १४.४ किलोमीटर लांब आहे आणि मध्यावर समुद्रसपाटीच्या २९२ मीटर खाली जातो. म्हणजे ६०४ मीटरचा कडा बघायला निघालेला माणूस आधी जवळजवळ तीनशे मीटर समुद्राखाली उतरतो. उतार आणि चढ दोन्ही लांबलचक आहेत, तेव्हा ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, गिअर खाली घ्या. टोलनाका कुठेच दिसत नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि भाड्याच्या गाडीचा टोल नंतर तुमच्या कार्डावर येतो. गाडी परत केल्यावर काही आठवड्यांनी पैसे कापले गेले तर दचकू नका. नॉर्वेत दिवसाउजेडीही हेडलाइट चालू ठेवावे लागतात, हेही लक्षात असू द्या.

गाडी नसेल तर हंगामात स्टवांगरहून थेट पायथ्याशी जाणाऱ्या खासगी पर्यटक बस आहेत, तासाभरात सोडतात. तिकीट आधी ऑनलाइन काढा. आणि परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते तिकीट काढतानाच बघून ठेवा, पायथ्याशी पोचल्यावर नव्हे. मे-जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, त्यामुळे माणसाला वेळेचं भान राहत नाही. बसला मात्र राहतं. ती चुकली तर पुढे टॅक्सी, आणि नॉर्वेतली टॅक्सी म्हणजे महिन्याचा किराणा.

पार्किंगचे पैसे अडीचशे क्रोनरच्या पुढेच. एक क्रोन आठ रुपयांच्या आसपास धरला तर दोन हजार रुपये गाडी उभी करायचे. ऐकायला जड जातं. पण डोंगरावर जायला पैसे घेता येत नाहीत; नॉर्वेत मोकळ्या रानात फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे आणि १९५७ पासून तो कायद्यात लिहिलेला आहे. वाटेची डागडुजी, पाट्या, संडास या सगळ्यांचा खर्च मग पार्किंगमधून निघतो. चार जण एका गाडीत असाल तर माणशी पाचशे रुपये पडतात, एकट्यादुकट्याला बस बरी. रोख पैसे कोणी विचारत नाही, कार्ड ठेवा.

आता वाट. सुरुवात साधारण २७० मीटर उंचीवर, रेव्सवात्न तळ्याजवळच्या डोंगरी हॉटेलापाशी. वरचा कातळ ६०४ वर. म्हणजे फरक साडेतीनशे मीटरही नाही, पण वाट मध्येच उतरते, परत चढते, त्यामुळे पायांना एकूण चढ पाचशेच्या आसपास पडतो. रोज चालणाऱ्याला वर जायला दोन तास, परत यायला पावणेदोन, वर तासभर, म्हणजे पाच तास धरा. आईवडील सोबत असतील तर सहा-सात. आणि निघायच्या आधी पायथ्याच्या संडासात जाऊन या. पुढे चार किलोमीटर काहीही नाही, आणि आडोसा शोधायला लागलात तर अर्धं जग तिथे असतं.

पहिला टप्पा झाडीतून, बऱ्यापैकी उभा. इथेच बरेच जण जोशात धावतात आणि पहिल्या अर्ध्या तासात धापा टाकतात. हा टप्पा मुद्दाम हळू घ्यावा. मग दलदलीवर टाकलेल्या लाकडी फळ्यांची वाट येते. फळ्यांवरून खाली उतरू नका. शेजारचं शेवाळ दिसायला गालिचा असतं, पाय टाकला की घोट्यापर्यंत काळं पाणी. आणि मोजे ओले झाले की उरलेला दिवस खराब.

त्यानंतर वाटेचा खरा कस लागतो ती खिंड, नेव्हरडालस्कारेत. दगडी पायऱ्यांचा उभा चढ. पायऱ्या म्हणताना गडावरच्या घडीव पायऱ्या डोळ्यांसमोर आणू नका. हे मोठे ओबडधोबड धोंडे आहेत, एक वीतभर उंच तर पुढचा गुडघ्याएवढा. पण रचलेत असे की पाय टाकल्यावर एकही डुगडुगत नाही. हे काम नेपाळहून आलेल्या शेर्पांचं. २०१३ च्या सुमाराला त्यांना खास बोलावून ही वाट पुन्हा बांधून घेतली. त्याआधी इथे चिखल आणि उघडी पडलेली मुळं होती. लोक चिखल टाळायला बाजूने जायचे, बाजूचीही माती जायची, आणि वाट दर वर्षी रुंद होत डोंगर खात चालली होती. शेर्पांनी सिमेंट वापरलं नाही. प्रत्येक धोंड्याची सपाट बाजू वर, जड बूड डोंगराच्या पोटात, आणि वरच्या धोंड्याचं टोक खालच्यावर दाबून ठेवलेलं. फटींतून पाणी निघून जातं म्हणून मागे चिखल साचत नाही. आपल्याकडे गडांच्या वाटा दुरुस्त करणाऱ्या मंडळींनी या खिंडीत थांबून अर्धा तास नुसते धोंडे बघावेत, एवढं नीटस काम आहे.

खिंड संपली की झाडी संपते आणि उघडा कातळ सुरू होतो. यापुढे वाट पायाखाली दिसत नाही, तेव्हा दगडांवर लाल रंगात काढलेलं इंग्रजी 'टी' अक्षर शोधत जायचं. नॉर्वेजियन ट्रेकिंग संघाची ही खूण देशभर एकच आहे. धुक्यात एका 'टी'वरून पुढचा दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, थांबा. पुढे छोट्या तळ्यांचा पट्टा लागतो, ट्योदनाने. डबा खायला हीच जागा उत्तम. वारा कमी, बसायला सपाट दगड, आणि उन्हाळ्यात धीटांना पोहायला पाणी. वर कड्यावर डबा उघडण्यापेक्षा इथे खाल्लेलं बरं. वर वाऱ्याने पोळी हातातून जाते.

शेवटचा टप्पा कड्याच्या अंगाने जातो. डावीकडे कातळाची भिंत, उजवीकडे दरी. वाट दोन माणसं बाजूबाजूने जातील एवढी रुंद आहे, पण उंचीची भीती असणाऱ्याला पहिला धक्का इथेच बसतो, सज्जावर नव्हे. अशा माणसाला भिंतीच्या बाजूने चालू द्या आणि उलट येणाऱ्यांना जरा थांबायला सांगा. कड्याची बाजू अगदीच नको असेल तर डोंगराच्या माथ्यावरून जाणारी दुसरी वाटही आहे. ती थोडी जास्त दमवते, पण पल्पिट रॉक वरून दिसतो तो तिथूनच.

सज्जावर पोचल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती सपाटी. इतका वेळ वेडावाकडा कातळ, आणि अचानक अंगणासारखी जागा. मग लक्षात येतं, कुठेही कठडा नाही. साखळी नाही, पिवळी रेघही नाही. हे दुर्लक्ष नव्हे, ठरवून केलेलं आहे. डोंगर जसा आहे तसा ठेवायचा आणि येणाऱ्याने आपली जबाबदारी आपण घ्यायची. त्यामुळे नियम आपले आपणच लावून घ्यावेत. कड्यापासून दोन-अडीच मीटर आत पाठपिशवी काढून ठेवा. वळताना पिशवीचा धक्का शेजारच्याला लागतो आणि वारा पिशवीलाच आधी धरतो. खाली बघायचं असेल तर उभ्याने वाकू नका. पोटावर पालथे पडा आणि हनुवटी कडेला आणा. इथले लोकही असंच करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लहान मुलांचा हात सोडू नका. पाच पोरांची सहल असेल तर पाच मोठी माणसं पाहिजेत.

पालथे पडल्यावर खाली दिसतं ते पाणी काळपट हिरवं असतं आणि त्यावर पर्यटकांची बोट तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्या मागची पांढरी रेघ सरकताना दिसते, आवाज मात्र येत नाही. सहाशे मीटर म्हणजे किती, हे आकड्यापेक्षा त्या मुक्या बोटीमुळे कळतं. आणि पाण्याखाली फ्योर्ड आणखी चारशे मीटरहून खोल आहे. गंमत अशी की याच फ्योर्डच्या मुखाशी खोली जेमतेम तेरा मीटर. हिमनदी डोंगर खरवडत समुद्राकडे आली, आतला भाग तिने खोल कोरला, आणि जिथे तिचा जोर संपला तिथे वाहून आणलेला गाळ-धोंडा टाकून दिला. तोच आता मुखाशी उंबरठ्यासारखा आडवा आहे. सज्जाही त्याच हिमयुगाच्या शेवटचा, साधारण दहा हजार वर्षांपूर्वीचा. कातळाच्या भेगांत पाणी शिरून गोठायचं, फुगायचं, आणि मोठमोठे चौकोनी ठोकळे निखळून फ्योर्डमध्ये जायचे. ते गेले, हा राहिला. आपल्या काळ्या बेसॉल्टची सवय असलेल्या डोळ्यांना हा फिकट ग्रॅनाइट जरा परका वाटतो.

सज्जाला मागच्या बाजूने एक लांब भेग आहे, जागोजागी पाऊल मावेल एवढी. ती पाहून सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न येतो. भूवैज्ञानिक त्या भेगेवर अनेक वर्षं लक्ष ठेवून आहेत आणि नजीकच्या काळात सज्जा कोसळण्याचा धोका नाही असं त्यांचं मत आहे. पल्पिट रॉक एक दिवस पडणार हे नक्की, तुमच्या फोटोच्या वेळी नव्हे. भेगेची धास्ती धरण्यापेक्षा चालताना तिच्यात पाय अडकणार नाही हे बघा. मोबाइल तर हमखास जातो आणि परत येत नाही.

फोटोबद्दल. सज्जाच्या कोपऱ्यावर उभं राहून काढलेला फोटो सगळे मागतात, म्हणून रांग लागते. पण सज्जावर उभ्या माणसाला सज्जा दिसत नाही, हे रांगेतल्या बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. ओळखीचं चित्र, म्हणजे चौकोनी कातळ, त्यावर मुंगीएवढी माणसं आणि मागे वळत गेलेला फ्योर्ड, हे मागच्या उंच खडकावरून मिळतं. सज्जाच्या मागून दहा-पंधरा मिनिटांची चढण आहे. दोघं असाल तर एकाने खाली राहायचं, एकाने वर जायचं, आणि निघण्याआधी खूण ठरवून घ्यायची. दोन्ही हात वर केले की फोटो झाला, एक हात हलवला की पुन्हा. ओरडून काही ऐकू जात नाही. खालच्याने लाल किंवा पिवळं जॅकेट घालावं, काळ्या जॅकेटातला माणूस फोटोत शोधावा लागतो. फ्योर्ड आत पूर्वेकडे जातो, त्यामुळे सकाळी त्या दिशेला कॅमेरा धरला की ऊन तोंडावर येतं. दुपार कलल्यावर तोच प्रकाश पाठीमागून येतो आणि समोरच्या कड्यांच्या रेषा उठून दिसतात.

म्हणून वेळेचा सल्ला असा. हंगामात सकाळी दहा ते दुपारी तीन सज्जावर जत्रा असते; वर्षाला तीन लाखांहून जास्त माणसं येतात आणि त्यातली बरीचशी याच पाच तासांत. स्वतःची गाडी असेल तर एकतर सहाला चढायला लागा, नाहीतर जून-जुलैमध्ये दुपारी चार-पाचला. जूनमध्ये स्टवांगरला सूर्य साडेदहानंतर मावळतो, तेव्हा पाचला निघूनही उजेडात परत येता येतं. संध्याकाळची वेळ सगळ्यात सुंदर, यात शंका नाही. तरीही पिशवीत डोक्याला लावायची बॅटरी ठेवा. ऑगस्टच्या अखेरीपासून दिवस भराभर आकसतो, आणि डिसेंबरात तर साडेनऊला उजाडून चारच्या आत अंधार. नोव्हेंबर ते मार्च खिंडीतल्या पायऱ्यांवर बर्फाचा काचेसारखा थर बसतो. त्या दिवसांत वाटाड्या आणि बुटांना लावायचे काटे असल्याशिवाय जाऊ नये. पहिल्यांदा जाणाऱ्याने मे अखेर ते सप्टेंबर हेच दिवस धरावेत.

हवामान नॉर्वेच्या हवामान खात्याच्या 'यर' या ॲपवर बघा, आणि ढग-पावसाइतकाच वाऱ्याचा आकडा बघा. सेकंदाला दहा मीटरच्या पुढे वारा दाखवत असेल तर सज्जाच्या कडेला जायचा विचार सोडा. पायथ्याशी ऊन आणि वर ढग हे नेहमीचंच. ढगात पोचलात तर लगेच परत फिरू नका, अर्धा-पाऊण तास आडोशाला बसा. ढग उठतो तेव्हा पडदा ओढल्यासारखा उठतो. कोकणकड्यावर धुकं विरायची वाट पाहिलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. आणि नाहीच उठला, किंवा पाऊस जोराचा लागला, तर मागे वळा. नॉर्वेजियन लोकांचे डोंगरात जाण्याचे नऊ नियम आहेत. त्यातला आठवा हाच: वेळेत परत फिरा, त्यात लाज नाही.

कपडे-बुटांबाबत दोन चुका आपले लोक हमखास करतात. एक, जीन्स. भिजली की दोन किलोची होते, वाळत नाही, आणि वाऱ्यात मांड्या गारठतात. साधी पॉलिएस्टरची ट्रॅक पँट बरी. दुसरी, गुळगुळीत तळाचे पांढरे स्पोर्ट्स शूज. सह्याद्रीचा कातळ खरखरीत असतो, तिथे असे बूट निभावतात. इथला ग्रॅनाइट हिमनदीने घासून काढलाय, पाऊस पडला की तो ओल्या फरशीसारखा होतो. खोल दातांचा रबरी तळ आणि घोट्याला आधार पाहिजे. छत्री हॉटेलवर ठेवा. पातळ प्लॅस्टिकचा पोंचोही नको, शिडासारखा फुगतो आणि नेमका तोंडावर येतो. जुलैतही स्टवांगरचं तापमान दुपारी १७-१८ अंशांच्या आसपासच असतं, वर त्याहून कमी आणि शिवाय वारा. तेव्हा अंगाला लोकरी किंवा चटकन वाळणारा बनियन, मध्ये स्वेटर, वर पाऊस-वाऱ्याचं जॅकेट, आणि कानटोपी. होय, जुलैत कानटोपी.

पाणी माणशी दीड लिटर पुरे. खायला वाटेत काहीही मिळत नाही. टपरी, ताक, लिंबूपाणी यातलं काही नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिक्की, सुका मेवा उत्तम चालतं. भारतातून येताना मात्र पेढे, बर्फी, पनीर असं दुधाचं काही पिशवीत नको. युरोपबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला नॉर्वेत बंदी आहे. कचरा परत खाली आणायचा, केळ्याचं सालही. त्या थंडीत ते महिनोन्महिने तसंच पडून राहतं.

पाय मुरगळलाच तर रुग्णवाहिकेचा नंबर ११३. डोंगरातून सोडवून आणण्याचे पैसे नॉर्वेत लावत नाहीत, म्हणून गरज असताना फोन करायला कचरू नका. त्यानंतरच्या दवाखान्याचे मात्र लागतात, तेव्हा प्रवासी विमा हवाच. उतरताना गुडघे जपा. त्या उंच धोंड्यांवर येताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. दोन काठ्या भाड्याने किंवा उसन्या मिळाल्या तर घ्याच, चढताना नाही लागल्या तरी उतरताना लागतात.

ज्यांचे गुडघे बोलतात, म्हणजे बहुतेकांचे आईवडील, त्यांच्यासाठी स्टवांगर बंदरातून निघणारी फ्योर्डची बोट आहे, साधारण तीन तासांची फेरी. कड्यांच्या अगदी जवळून जाते, हेंग्याने धबधब्याच्या तुषारांत नेऊन उभी करते, आणि बसायला आत उबदार जागा असते. एकच तयारी मनात ठेवा. पल्पिट रॉक खालून जवळजवळ काहीच दिसत नाही. इतक्या उंचीवर तो कड्याला चिकटलेल्या काडेपेटीएवढा दिसतो, आणि बोटीवरचे निम्मे लोक भलत्याच कातळाचा फोटो काढून परत येतात. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारलं की आधी आकाशाची रेघ बघा, तिथे सुरीने कापल्यासारखा एक सरळ कोपरा दिसेल, तो. दुर्बीण असेल तर त्या कोपऱ्यावर हलणारे रंगीत ठिपकेही दिसतात.